मावशीचे लुगडे

इंग्रजी भाषेच्या वैभवाविषयी मला पुष्कळ आदर आहे. परंतु नात्यांच्या बाबतीत ती भाषा अगदीच दरिद्री आहे, हे कबूल केलेच पाहिजे. आईची बहीण, बापाची बहीण, चुलत्याची बायको आणि मामाची बायको या चार स्वतंत्र संस्था 'आंट' या एकाच शब्दाच्या दावणीला बांधून ते लोक मोकळे होतात. एखाद्या लग्नघरात या चौघींचेही मानपान ज्याला सांभाळावे लागले आहेत, त्याला यातला अन्याय समजावून सांगावयास नको. आत्या ही माहेरचा हक्क बजावावयास आलेली असते. तिच्यासमोर घरातल्या सुना जपून बोलतात. काकू घरातलीच, म्हणून तिच्याशी रोजचा हिशेब. मामीचे मन सांभाळावे लागते, कारण आजोळच्या दुधातुपाच्या किल्ल्या तिच्या कनवटीला. मावशीपाशी मात्र यातले काहीच नसते. 'माय मरो पण मावशी जगो' असे म्हणताना आपण सख्ख्या आईवर केवढा अन्याय करतो, याचीही कोणाला शुद्ध राहत नाही.

तेव्हा ब्रँडन टॉमस या इंग्रज नटाने लिहिलेले 'चार्लीज आंट' हे प्रहसन मराठीत आणताना आचार्य अत्रे यांनी त्या 'आंट'ची आत्या न करता मावशी केली, तिथेच निम्मी लढाई जिंकली, असे मला वाटत आले आहे. 'मोरूची आत्या' असे एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. नाटकगृहाच्या पायरीवरच पाऊल अडखळते. शिवाय आमच्या बारामती-इंदापूरकडच्या माणसाला पुरुषाने केलेली मावशी मुळीच नवीन नव्हती. तमाशातल्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या बरोबर जी थोराड, तोंडाळ मावशी असते आणि पेंद्याची व कृष्णाची भर वाटेत हजेरी घेते, ती पिढ्यानुपिढ्या पुरुषच करीत आला आहे. ऑक्सफर्डची मावशी इकडे आली तेव्हा तिच्या आधीच तिची एक थोरली बहीण इथे जत्रेजत्रेतून नांदत होती.

मूळ नाटकाची हकीकत थोडक्यात सांगतो. २९ फेब्रुवारी १८९२ रोजी, म्हणजे लीप वर्षाच्या त्या जादा दिवशी, बेरी सेंट एडमंड्स नावाच्या गावी त्याचा पहिला प्रयोग झाला. डिसेंबरात ते लंडनच्या रॉयल्टी नाटकगृहात आले, पुढच्याच महिन्यात जागा अपुरी पडू लागली म्हणून ग्लोब नाटकगृहात गेले, आणि १८९६ च्या अखेरीपर्यंत त्याचे १,४६६ प्रयोग झाले. त्या काळी हा विक्रम होता. विल्यम पेन्ली हा ठेंगणा विनोदी नट त्यात खोटी मावशी होई. कथानक सांगण्यासारखे थोडे आहे. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना दोन मुलींना जेवावयास बोलवावयाचे आहे. पण कोणी वडीलधारी स्त्री हजर असल्याखेरीज मुली येणार नाहीत. चार्लीची श्रीमंत विधवा मावशी ब्राझीलहून नेमकी त्याच दिवशी यावयाची असते; ऐन वेळी तार येते की ती येत नाही. मग दुसऱ्या एका नाटकासाठी म्हाताऱ्या बाईचा पोशाख आणलेल्या मित्रालाच मावशी करून बसवितात. ब्राझील देशाविषयी या मावशीचे सारे ज्ञान तिथल्या सुक्या मेव्यापुरते. तेवढ्या भांडवलावर ती गृहिणीपद सांभाळते, आणि तिच्या पैशावर डोळा ठेवून दोन वृद्ध गृहस्थ तिला मागणी घालतात. शेवटी खरी मावशी येते. बस्स.

असले नाटक साहेबाबरोबर जगभर न गेले तरच नवल. १८९३ सालीच ते न्यूयॉर्कला पोहोचले होते. वसाहतींतून तर लंडनला गाजलेले प्रहसन हौशी मंडळ्यांनी उचलावयाचे हा शिरस्ताच होता. सिमल्याला १८८७ साली गेइटी नाटकगृह बांधले ते अशाच हौसेपायी. दिवसा राज्यकारभार करणारे अंमलदार रात्री तोंडाला रंग लावीत. साहेबांनी साहेबांसाठी केलेली ती नाटके. आपल्या लोकांनी मात्र साहेबाच्या नाटकांकडे फार लवकर हात घातला होता. आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ चे. देवलांचा 'फाल्गुनराव', ज्याचा पुढे 'संशयकल्लोळ' झाला, तो मर्फीच्या एका प्रहसनावरून उतरलेला. सांगितल्यावाचून कोणास ओळखू येणार नाही, इतका तो अस्सल पुणेरी झालेला आहे. १९४० नंतरच्या दशकात अत्र्यांनी 'मोरूची मावशी' केली ती याच राजमार्गाने.

अत्रे मूळचे आमच्याच जिल्ह्यातले. सासवडजवळचे कोडीत हे त्यांचे जन्मगाव. आत्मचरित्राला त्यांनी 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले, आणि बारामतीच्या माणसाला ते वाचताना एक निराळाच अभिमान वाटतो, कारण सासवडाहून निघालेली तीच कऱ्हा जेजुरी, मोरगाव करीत आमच्या गावाला येते. मोरोपंतांनी आयुष्य घालविले ते या नदीच्या काठी. पुढे ती नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूरला भीमेत जाते. कऱ्हेला पाणी असते कधी, हा प्रश्न जाणत्यांनी विचारू नये.

अत्र्यांना या नाटकात काय दिसले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते १९२७-२८ साली शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडनला होते. त्या लंडनात तरुण मुली मोटारी हाकू लागल्या होत्या. जेवणाला सोबत म्हणून वडीलधारी बाई हवी, ही अडचण तिथल्या प्रेक्षकाला आजीच्या आठवणींसारखी वाटत असणार. विलायतेत ते नाटक जुन्या काळची गंमत म्हणून उरले होते. इकडे महाराष्ट्रात ती अडचण जिवंत होती. मुलगी कॉलेजात जाऊ लागली होती, पण चहाला एकटी येत नव्हती. मुलाच्या खोलीवर घरातली कोणी वयस्क बाई आहे असे कळल्याखेरीज तिचे वडील तिला दारातही उभे राहू देत ना. राणीच्या राज्यातला सोवळेपणा राणीच्या देशात संपला आणि तिच्या वसाहतीत शिल्लक राहिला, त्यामुळे नाटकाचा पाया इथे अधिक घट्ट बसला. माझ्या मते याचे प्रयोग इथे वर्षानुवर्षे रंगण्याचे हे पहिले कारण.

दुसरे कारण मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. ते मला आमच्या तात्यांनी शिकविले, आणि शिकविताना त्यांना फार त्रास झाला.

तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे बंधू. इंदापूरच्या कचेरीत त्यांनी आयुष्यभर कारकुनी केली. अंगाने शेलाटे, रंगाने गोरे, बोलणे इतके हळू की पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ते घरात आहेत हे कळू नये. १९३८-३९ च्या सुमारास, विशीच्या आत-बाहेर असताना, ते गावातल्या हौशी मंडळीत स्त्रीपार्ट करीत. गणेशोत्सवात पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यांनी 'एकच प्याला'तली सिंधू केली होती. गडकऱ्यांचे ते नाटक १९१९ साली गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणल्यापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी एकेक सिंधू निपजली होती. इंदापूरची सिंधू म्हणजे आमचे तात्या. त्या रात्री गावातल्या बायका पदर डोळ्यांना लावून घरी गेल्या, असे आजी सांगे.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे ठरलेले लग्न मोडले. मुलीचे वडील बोलणी पक्की करावयास आले होते, आदल्या रात्री कोणाच्या तरी आग्रहाने नाटकाला बसले, आणि सकाळी जेवायला न थांबता निघून गेले. मागाहून निरोप आला तो असा: "मुलाविषयी काही म्हणणे नाही. आमची मुलगी त्याच्यापुढे डावी दिसेल." निरोप आणणाऱ्याला हसू आवरत नव्हते. पणजोबांनी त्याच दिवशी तात्यांचे गंगावन अंगणात जाळले. तात्यांनी पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. चार वर्षांनी त्यांचे लग्न झाले, संसार चांगला झाला, मुले शिकली. पण गावातली टवाळ पोरे त्यांना पुढे किती तरी वर्षे पाठीमागून 'सिंधूताई' म्हणून हाक मारीत, आणि तात्या मागे वळून पाहत नसत.

हे सारे मला पुष्कळ उशिरा कळले. १९८५ साली सुयोग या संस्थेने 'मोरूची मावशी' नव्याने रंगभूमीवर आणले. दिलीप कोल्हटकरांचे दिग्दर्शन, अशोक पत्कींचे संगीत आणि मावशी विजय चव्हाण. मी ते पुण्यास पाहिले, आणि तेही बालगंधर्व रंगमंदिरात. ज्यांनी अर्धे शतक स्त्रीरूपाने महाराष्ट्राला वेड लावले, त्यांच्या नावाच्या वास्तूत एक उंचापुरा गडी लुगडे नेसून थयथयाट करतो आहे आणि लोक खुर्च्यांवरून घरंगळत आहेत, यात काही विसंगती आहे हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही. मीही घरंगळतच होतो. चव्हाणांचे ते काम त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. नाटकाचे प्रयोग दोन हजारांच्या पुढे गेले, आणि पुढे भरत जाधवांनीही ही मावशी केली. पण जुन्या लोकांच्या तोंडी नाव असे ते बापूराव मान्यांचे. अत्र्यांच्या काळची मावशी त्यांची. माने मूळचे स्त्रीपार्ट करणाऱ्या पिढीतले नट. हा तपशील मला तेव्हा क्षुल्लक वाटला होता.

दोनतीन वर्षांनी बारामतीला आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हेच नाटक करावयाचे ठरले आणि मावशी माझ्याकडे आली. माझ्या शरीराचा बेढबपणा हीच माझी पात्रता होती. घरी हे सांगताच वडिलांनी जेवणाचे ताट बाजूला सारले. इतका राग कशाचा, ते मला समजेना. आई हळूच म्हणाली, "तात्यांना कळू देऊ नकोस म्हणजे झालं."

तात्यांना अर्थातच कळले. एका रविवारी ते इंदापूरहून एस.टी.ने आले. वाटेत निमगाव केतकीला उतरून पानमळ्याची पाने घेऊन आले होते. ती आईच्या हाती देऊन त्यांनी मला माडीवर बोलाविले. पिशवीतून एक अंजिरी रंगाचे इरकली लुगडे काढले. घडीवर घडी बसून त्याच्या रेघा पांढऱ्या पडल्या होत्या.

"नेस," ते म्हणाले.

मी नेसलो, म्हणजे गुंडाळले. तात्यांनी ते सोडविले आणि पुन्हा नेसविले. निऱ्या मोजावयाच्या नाहीत, बोटांना त्या ठाऊक असतात. कासोटा ओढताना श्वास आत घ्यावयाचा. बसताना आधी ओचा सावरावयाचा, मग गुडघा वाकवावयाचा. मोठी बाई पदर सारखा करते तो पदर घसरला म्हणून नव्हे, समोर कोणी वडील आले म्हणून. तीन रविवार ते येत होते. चालणे तर त्यांनी मला माडीच्या फळ्यांवर मोजून शिकविले. "आवाज चोरू नकोस," ते म्हणत. "बायका बारीक बोलत नाहीत, अरे. आपण त्यांचं ऐकत नाही म्हणून आपल्याला तसं वाटतं." सत्तरीला टेकलेले ते गृहस्थ एकदा मला दाखवावयाचे म्हणून खांद्यावर नुसता पंचा टाकून खिडकीपर्यंत चालत गेले आणि वळले. ज्या बाईला मी त्या क्षणी पाहिले ती आमच्या घरात पूर्वी कधीच आलेली नव्हती. मी इतका गडबडलो की उठून उभा राहिलो.

चौथ्या आठवड्यात तालमीला अनर्थ झाला. मी प्रवेश केला आणि कोणी हसले नाही. ज्या जागांवर पुण्यास छप्पर उडत होते, तिथे आमचीच मंडळी माना कलत्या करून पाहत राहिली. दिग्दर्शन करणारे प्राध्यापक डोके धरून बसले. शेवटी म्हणाले, "अरे, तू बाई दिसतो आहेस!" हा दोष माझ्या शरीराला कोणी देऊ शकेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

तेव्हा मला त्या नाटकातली खरी गोम कळली. पेन्लीची मावशी ही बाई नव्हतीच. घागऱ्याखाली विजार असलेला, संधी मिळताच चिरूट ओढणारा तो एक अवघडलेला पुरुष होता, आणि रंगमंचावरचे सगळे फसले तरी प्रेक्षक क्षणभरही फसता कामा नये, ही त्या प्रहसनाची अट आहे. विलायतेत ही अट पाळणे सोपे. तिथे गंभीर नाटकात स्त्रिया स्त्रियांची कामे दोनशे वर्षांहून अधिक काळ करीत होत्या. पुरुषाने लुगडे, म्हणजे झगा, चढविला की तो थट्टेसाठीच. आमच्याकडे परंपरा नेमकी उलटी. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा, बालगंधर्वांची सिंधू ही थट्टा नव्हती. प्रेक्षकाने पुरुष विसरावा हीच तिची परीक्षा, आणि विसरला नाही तर नट नापास. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रिया उभ्या राहिल्या, आणि त्यानंतर हळूहळू स्त्रीपार्टी नटाची भाकरी गेली. त्यानंतर पंधराएक वर्षांच्या आतच 'मोरूची मावशी' आली. जिच्यासाठी कालपर्यंत रडलो, तिला आज हसायचे, असा तो मामला होता. आणि ती मावशी करावयास उभे राहिले कोण, तर ज्यांना स्त्री हुबेहूब उभी करता येत होती तेच माने! प्रेक्षकांच्या हसण्यात एक सुटकेचा निःश्वासही असला पाहिजे. नवे युग आले आहे, आता पुरुषाला लुगड्यात पाहून आपण निर्धास्त हसू शकतो, असे त्या हसण्याने एकमेकांना सांगितले असेल. तात्यांच्या पिढीतल्या शेकडो गावोगावच्या सिंधूंना ते हसणे कसे ऐकू आले असेल, हे विचारावयास कोणी गेले नाही.

प्राध्यापकांनी उपाय काढला. चांगले चालायचे, पण तीन जागी घसरायचे. एकदा लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून बाकड्यावर पाय टाकायचा, एकदा मूळ आवाजात ओरडायचे, आणि दुसऱ्या अंकात लोकांकडे पाठ करून विडी ओढायची. मी हे तात्यांना भीतभीत सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे शिकवलेलं मोडून दाखवायचं."

"लोकांना हसवायचंय, तात्या."

"ते हसतील रे. त्यांना हसवायला काय लागतं?" आणि थोड्या वेळाने, "पण आधी नीट चाल. नीट चाललास तर मोडलेलं दिसेल. आधीच मोडकं असलं तर काय दिसणार आहे?"

नाट्यशास्त्रावरची मी पुढे पुष्कळ पुस्तके वाचली. यापेक्षा नेमके काही मला त्यांत आढळले नाही.

प्रयोगाच्या रात्री तात्या तिसऱ्या रांगेत वडिलांच्या शेजारी बसले होते. पहिल्या अंकात मी नीट चाललो. लोक थोडे गोंधळले, मग बाकड्यावर पाय पडला आणि जो हशा झाला तो अजून माझ्या कानात आहे. विडीच्या जागेला तर प्रयोग थांबला. माझी दृष्टी मात्र तिसऱ्या रांगेकडे जाई. वडील, ज्यांनी ताट सारले होते, ते डोळे पुसत हसत होते. तात्या हसत नव्हते. रागावलेलेही नव्हते. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, आणि मी बसलो की त्यांची बोटे किंचित हलत, ओचा सावरल्यासारखी.

पडदा पडल्यावर ते आत आले. रंगपटात पोरांची झुंबड उडाली होती. कोणी तरी मला खांद्यावर घेतले होते. तात्यांनी गर्दी ओसरेपर्यंत वाट पाहिली, मग मला उभे करून स्वतः लुगडे सोडविले, कारण मला घाईत निऱ्या ओढून काढताना त्यांनी पाहिले होते. घडी घालताना ते थबकले. पदराच्या खाली, काठापासून वीतभर अंतरावर, विडीची ठिणगी पडून वाटाण्याएवढे भोक पडले होते. माझ्या तोंडचे पाणी पळाले. लुगडे धाकट्या आजीचे आहे, अशी माझी समजूत होती.

"आजी रागावेल," मी म्हणालो.

"तिचं कुठलं?" तात्या म्हणाले. "तिनं हे अंगाला लावलेलं नाही कधी." घडी पुरी करून त्यांनी ती पिशवीत ठेवली. "आमच्या वेळी चौथ्या अंकानंतर बदलायला वेळ मिळत नसे. म्हणून घरून दुसरं नेलं होतं. आबांनी गंगावन जाळलं, तेव्हा हे माडीवर होतं."

मग त्यांनी मला विचारले की विडी ओढताना पाठ करावयास कोणी सांगितले. मी म्हणालो, सरांनी. "तोंड करून ओढली असतीस तर एवढे हसले नसते," ते म्हणाले. "बरोबर सांगितलं त्यांनी." आणि शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली म्हणून ते वडिलांबरोबर स्टँडकडे गेले.

महिन्याभराने मी इंदापूरला गेलो तेव्हा ते ओटीवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, त्या भोकाला रफू करीत होते. धागा त्याच लुगड्याच्या आतल्या टोकातून काढलेला होता. धाकटी आजी आत चहा करीत होती, आणि ती बाहेर आली तरी त्यांनी ते लपविले नाही. तिने चहाचा पेला त्यांच्याशेजारी ठेवला, दिवा थोडा जवळ सरकवला आणि ती पुन्हा आत गेली.